शेऱ्याचा रकाना

किरिन्यागाच्या उतारावर, कालव्याच्या कडेला
पत्र्याची एक शेड आहे. मी तिथला कारकून.
माझ्याकडे एक वजनकाटा, एक लोखंडी कडी
आणि सहा रकान्यांची वही.
शेंग कडीतून सुळकन गेली तर नाजूक,
अडली तर जून,
वाकडी निघाली तर कुणाचीच नाही.

आमच्याकडे ही शेंग कुणी खात नाही.
चुलीवर मका आणि घेवडा रटरटतो, तो आमचा.
हिला कोवळेपणीच खुडायचं,
दाणा धरायच्या आत,
जणू दाणा धरणं हाच गुन्हा.
पहाटे वेलावर, रात्री विमानात.
मी विमान आतून पाहिलेलं नाही.
शेंगांनी पाहिलंय.

पहिल्या रकान्यात नाव नसतं, नंबर असतो.
वांगिथी म्हणजे चारशे सतरा.
पाऊण एकर, दोन गाई, पाठीवरचा पंप,
आणि भिंतीवर कंपनीचं प्रमाणपत्र,
नवऱ्याच्या फोटोपेक्षा मोठ्या चौकटीत.
त्यापायी तिनं शेताच्या टोकाला संडास बांधला,
औषधांच्या पेटीला कुलूप घातलं,
हात धुवायला नळ बसवला.
नळाला पाणी वर्षभरानं आलं.

मग नैरोबीहून साहेब आले.
हॉटेलच्या हॉलमध्ये कापडी फलक :
खासगी क्षेत्राचा विकास.
आम्हाला टोप्या मिळाल्या. पडद्यावर एक बाण
वर वर जात राहिला, छताला टेकेल असा.
साहेब म्हणाले, करार झालाय, जकात शून्य,
युरोपचं दार तुमच्यासाठी सताड उघडं आहे.
मागच्या खुर्चीवरून म्हातारा गिचोबी म्हणाला,
दार दिसतंय साहेब,
उंबरा किती उंच ते सांगा.
सगळे हसले. साहेबही हसले.
मग जेवण झालं. कोंबडी होती.

मंगळवारी रॉटरडॅमहून निरोप आला.
एका खोक्यात औषधाचा अंश सापडला,
चालतो त्याहून केसभर जास्त.
खोक्यावरच्या काळ्या रेघा वाचत वाचत
बोट चारशे सतरावर येऊन थांबलं.
तिथून इथवर यायला त्याला दोन मिनिटं लागली.
पैशाला सहा आठवडे लागतात.

वांगिथी आली. भांडली नाही.
काट्याजवळ उभी राहिली, रिकाम्या क्रेटवर हात ठेवून.
म्हणाली, ते औषध माझ्या पेटीतलं नाही.
बांधापलीकडे टोमॅटो आहेत,
इथल्याच बाजारात जाणारे;
त्यांना कुणी कडी लावत नाही.
शुक्रवारी तिकडे फवारा चालू होता
आणि वारा सुटला होता.
वाऱ्याला नंबर आहे का रे तुझ्या वहीत?

नव्हता.
सहावा रकाना शेऱ्याचा.
सात वर्षांत मी त्यात ‘ठीक’शिवाय
काही लिहिलेलं नव्हतं.
लिहिलं : शुक्रवार, दिवस कलताना,
वारा पूर्वेकडून, बांध ओलांडून.
तिनं ते दोनदा वाचून घेतलं.
मग माझ्या हातातला पेन काढून
खाली सही केली. नंबर नाही,
पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.
शाई जरा फुटली.

त्या दिवसापासून तिच्या शेंगा घेणं बंद.
गाईंनी खाल्ल्या, देठासकट, वाकड्यासुद्धा.

पुढच्या महिन्यात तपासनीस येईल.
वही मागेल. त्याचा काय शेरा पडेल
ते मला ठाऊक नाही.
पान मी फाडलेलं नाही.
आणि आता गिचोबी काट्यापाशी रेंगाळतो,
म्हणतो, माझ्यापुढेही घाल,
कालव्याचं पाणी तीन दिवस उशिरा.
दोनशे नव्वद म्हणते,
पोर तापानं फणफणलं होतं,
खुडायला ऊन झालं, तेही घाल.

रकाना अरुंद आहे.
मी अक्षर बारीक काढतो,
इतकं बारीक
की आता ते कडीतून जाईल.